ऋणनिर्देश आणि पत : संशोधनाच्या प्रभावमापनाचा नैतिक प्रश्न

१

मराठीतील प्रबंधाच्या आरंभी 'ऋणनिर्देश' नावाचे एक पान असते, अखेरीस संदर्भग्रंथांची सूची असते आणि मधल्या पानांच्या तळाशी टिपा असतात. या तिन्ही स्थळांचे स्वरूप भिन्न असले, तरी त्यांमागील कृती एकच आहे. जे विधान स्वतः सिद्ध केलेले नाही ते कोणाकडून घेतले, हे लेखक तेथे सांगत असतो. ज्ञानव्यवहारातील ही सचोटीची कृती होय, आणि तिचा कर्ता ऋणको आहे. धनकोला तेथे काही बोलण्याचा अधिकार नसतो. पुष्कळदा तो हयातही नसतो.

गेल्या साठ वर्षांत या कृतीची मोजणी होऊ लागली आणि मोजणीबरोबर तिची दिशा उलटली. ऋणकोंच्या वह्यांतील नोंदी एकत्र करून त्या धनकोच्या नावावर जमा करणारी यंत्रणा निर्माण झाली. एखाद्या अभ्यासकाचा निर्देश किती जणांनी केला आणि त्याने किती जणांसह लेखन केले, यांवरून त्याच्या संशोधनाचा 'प्रभाव' ठरवला जाऊ लागला; नेमणूक, पदोन्नती आणि अनुदान यांचा संबंध त्या प्रभावाशी जोडला गेला. या पद्धतीवरील नेहमीचे आक्षेप आता पुष्कळांना पाठ आहेत. आकडा फुगवता येतो, पैसे भरून लेख छापून मिळतो, मित्रमंडळी परस्परांचे निर्देश करतात. हे आक्षेप खरेच आहेत. परंतु ते गैरवापराविषयीचे आहेत, आणि गैरवापर थांबला की मोजणी निर्दोष ठरेल असे त्यांत गृहीत धरलेले असते. त्याआधीचा प्रश्न निराळा आहे. कोणी प्रामाणिकपणे कबूल केलेले ऋण ही ज्याचे ऋण आहे त्याची मालमत्ता ठरते काय? आणि ठरत असेल, तर कबुलीच्या प्रामाणिकपणाचे पुढे काय होते?

२

या यंत्रणेच्या जनकाच्या मनात मालमत्तेचा विचार प्रारंभी नव्हता, असे दिसते. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात उद्धरण-सूचीची कल्पना मांडली, तेव्हा तिचा नमुना त्यांना वकिली व्यवसायात मिळाला होता. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची प्रचारात होती. एखादा न्यायनिर्णय पुढील कोणत्या निवाड्यांत आधाराला घेतला गेला आणि कोणत्या निवाड्याने तो रद्दबातल ठरवला, हे तीवरून वकिलाला कळत असे. रद्द झालेल्या निर्णयावर युक्तिवाद उभा करण्याची नामुष्की त्यामुळे टळे. विज्ञानातही जुने, अपुरे, प्रसंगी खोटे निष्कर्ष पुढील अभ्यासक न तपासता उद्धृत करत राहतात. एखाद्या लेखावर नंतर कोणी टीका केली आहे काय, हे वाचकाला सहज कळावे, हा गारफील्ड यांच्या मूळ प्रस्तावातील एक प्रमुख हेतू होता. १९६४ मध्ये फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रकाशित केला. त्याच सुमारास आयर्विंग शेर यांच्या साहाय्याने त्यांनी बेतलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' हाही सूचीत कोणती नियतकालिके समाविष्ट करावीत, हे ठरवण्यासाठी होता. नियतकालिकासाठी केलेला हिशेब नंतर व्यक्तीला लावला गेला. वाचकाच्या सोयीसाठी केलेले साधन न वाचणाऱ्याच्या सोयीचे झाले, हा या इतिहासातील खरा कलाटणीचा क्षण म्हटला पाहिजे.

या स्थित्यंतरात एक गोष्ट गळून पडली, तिची नोंद फारशी घेतली जात नाही. शेपर्डच्या सूचीत नंतरच्या निवाड्यापुढे एखादे अक्षर खुणेदाखल छापलेले असे. मूळ निर्णय त्याने मान्य केला, मर्यादित केला की उलटवला, हे त्यावरून समजे. विज्ञानाच्या सूचीत ही खूण उरली नाही. तेथे खंडन, मंडन, औपचारिक नमस्कार आणि कडवे भांडण या सर्वांचे मूल्य एक एवढेच झाले. पुढे २००५ मध्ये सॅन दिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचवला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा निर्देश लाभले आहेत, पण अकरा लेखांना अकरा लाभलेले नाहीत, त्याचा निर्देशांक दहा. सूत्र सुटसुटीत आहे आणि त्याच्या प्रसाराचे कारणही तेच. मात्र ज्याने आयुष्यात एकच ग्रंथ लिहिला आणि ज्याच्या ग्रंथाने एक ज्ञानशाखा बदलली, त्याचा निर्देशांक या सूत्रानुसार एकाच्या पुढे जाऊ शकत नाही. खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये आपल्या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम झाल्याचे जाहीरपणे लिहिले. तोवर तो जगभरच्या निवड समित्यांच्या टेबलांवर पोहोचला होता.

३

खंडनमंडनाची खूण पुसली गेल्याने काय घडते, हे काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. भट्टलोल्लट, श्रीशंकुक आणि भट्टनायक यांचे रससिद्धान्ताविषयीचे मूळ लेखन आज उपलब्ध नाही. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' नष्ट झाला. त्याचे म्हणणे आज ज्ञात आहे ते प्रामुख्याने अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'मुळे आणि 'लोचन'मुळे. म्हणजे ज्याने त्याच्या मताचा प्रतिवाद केला त्याच्यामुळे. मराठी विद्यार्थ्यापर्यंत तो येतो तेव्हा ग. त्र्यं. देशपांडे किंवा रा. पं. कंगले यांच्या विवेचनातून, म्हणजे आणखी एक टप्पा ओलांडून येतो. संस्कृतात 'उद्धरण' या शब्दाला वर काढणे, तारून नेणे असाही अर्थ आहे. भट्टनायकाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ अक्षरशः एकत्र आलेले दिसतात. प्रतिपक्षाने उद्धृत केले नसते, तर तो बुडालाच होता.

आता या ऋणाचा हिशेब कसा मांडायचा? अभिनवगुप्ताने भट्टनायकाचे भावकत्व आणि भोजकत्व हे दोन स्वतंत्र व्यापार नाकारले. परंतु साधारणीकरणाची कल्पना मात्र स्वीकारून तिला आपल्या सिद्धान्ताचा कणा केले. पूर्वसूरींची मते आपण दूषित केलेली नाहीत, ती शुद्ध करून घेतली आहेत, अशी त्याची भूमिका आहे. आधीच्या चिंतनाच्या पायऱ्यांवरून चढत गेल्याशिवाय वरचे स्थान लाभत नाही, हे तो जाणून होता. एकाच परिच्छेदात नकार आहे, स्वीकार आहे आणि कृतज्ञताही आहे. हे तीन वेगळे संबंध आहेत, आणि त्यांतील तिसरा पहिल्या दोहोंवाचून समजत नाही. 'निर्देश : १' अशी नोंद केल्याने या संबंधाचे मोजमाप थोडे कमी अचूक होते असे नव्हे. तो संबंधच नोंदीबाहेर राहतो.

शास्त्रग्रंथांतील दुसरी रूढीही येथे ध्यानात घ्यावी लागते. 'केचित्', 'अन्ये', 'अपरे' अशा सर्वनामांनी पूर्वपक्ष मांडला जातो आणि त्याचा धनी कोण, हे टीकाकाराने सांगितले तरच कळते. 'ध्वन्यालोका'च्या आरंभी ध्वनिविरोधकांचा एक श्लोक असाच निनावी येतो. तो आनंदवर्धनाचा समकालीन मनोरथ याचा, हे 'लोचन'कार सांगतो. संस्कृत शास्त्रग्रंथांची उद्धरण-सूची केली, तर 'केचित्' हाच भारतातील सर्वाधिक प्रभावी विद्वान ठरेल! विनोद बाजूला ठेवला, तरी या रूढीमागे एक ज्ञानविषयक भूमिका आहे. मताचा विचार मत म्हणून व्हावा. ते कोणाचे, हा प्रश्न दुय्यम. अर्थात या भूमिकेचे गुणगान करताना तिने किती जणांची नावे कायमची पुसली, हेही विसरता येत नाही. अनामिकतेची किंमत नेहमी दुबळ्याने अधिक मोजलेली असते. म्हणून त्या रूढीकडे परत जाणे हा काही आजच्या प्रश्नावरचा तोडगा नव्हे.

आधुनिक विज्ञानातही अशी अनामिकता निर्माण होते, आणि तीही यशाच्या टोकाला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी तिचे वर्णन केले आहे. एखादी कल्पना शास्त्रात इतकी मुरते की तिचा मूळ लेख उद्धृत करण्याची कोणालाच आवश्यकता वाटत नाही. समावेशामुळेच नाव पुसले जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. इतिहास आणि साहित्य यांच्या अभ्यासकांना कोसंबी परिचित आहेत ते १९५६ च्या भारतीय इतिहासाच्या प्रस्तावनाग्रंथामुळे, 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मुळे, किंवा शेकडो हस्तलिखितांच्या आधारे १९४८ मध्ये सिद्ध केलेल्या भर्तृहरीच्या चिकित्सक आवृत्तीमुळे. वनस्पतींच्या अनुवंशशास्त्रात मात्र 'कोसंबी' हे एका सूत्राचे नाव आहे. जनुकांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील त्यांचे अंतर काढण्याचे हे सूत्र कोसंबींनी १९४३-४४ च्या सुमारास एका छोट्या लेखात दिले. आज पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत तो निवडण्याजोगा एक पर्याय असतो. तो पर्याय निवडणाऱ्यांपैकी मूळ लेखाचा निर्देश सगळेच करत नाहीत. निर्देश करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो लेख पाहिला असेल, हा आणखी निराळा प्रश्न. एका नावाखालचे हे दोन प्रभाव एका बेरजेत कसे बसवायचे? भर्तृहरीच्या आवृत्तीचा निर्देश करणारे संस्कृतज्ञ मोजके, आणि त्यांतील प्रत्येकाने ती आवृत्ती ओळीओळीने वाचलेली. सूत्र वापरणारे असंख्य, आणि वाचण्याचे त्यांना कारणच नाही.

योगायोग असा की उद्धरणाच्या प्रतिष्ठेची सर्वांत मिश्किल थट्टाही कोसंबींच्याच नावावर आहे. अलीगढला असताना, आंद्रे वेइल या फ्रेंच गणितज्ञाच्या सुचवणीवरून, त्यांनी 'बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धान्ता'च्या व्यापकीकरणावर १९३१ च्या सुमारास एक लेख प्रसिद्ध केला. बूर्बाकी नावाचा असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. पुढे वेइल आणि त्यांच्या मित्रांनी तेच नाव सामूहिक टोपणनाव म्हणून धारण केले आणि विसाव्या शतकाच्या गणितावर त्या नावाचा खोल ठसा उमटला. निर्देश आधी आला आणि निर्देशित व्यक्ती नंतर निर्माण झाली.

४

सहकार्याचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तेथे ऋणको आणि धनको यांच्यातील सीमारेषाच अंधूक असते. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी जीनिव्हाजवळच्या दोन प्रयोगगटांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या लेखाला ५,१५४ लेखक होते. लेखाच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांची व त्यांच्या संस्थांची नावे देण्यात खर्ची पडली. 'लेखक' ही संज्ञा तेथे साहित्यसमीक्षेतील कोणत्याही अर्थाने लागू पडत नाही. पण साहित्याभ्यासातही परिस्थिती वाटते तितकी सरळ नाही. सोस्यूर यांच्या नावावरील १९१६ चा ग्रंथ त्यांनी लिहिलेला नाही. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बाय्यी आणि सेशए या सहकाऱ्यांनी तो विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध केला, आणि ती व्याख्याने या दोघांनीही ऐकलेली नव्हती. संरचनावादावरील प्रत्येक लेखातील 'सोस्यूर, १९१६' या निर्देशात टिपणे घेणारे विद्यार्थी कोठे आहेत?

मर्टन यांचेच नाव येथे पुन्हा घ्यावे लागते. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिले जाईल, या अर्थाच्या बायबलमधील वचनावरून त्यांनी १९६८ मध्ये विज्ञानातील 'मॅथ्यू परिणाम' वर्णिला. संयुक्त लेखाचे श्रेय आधीच कीर्तिमान असलेल्या लेखकाकडे वळते आणि तरुण, अपरिचित सहलेखक विसरला जातो, असे त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष ज्या सामग्रीवर आधारलेला होता, ती हॅरिएट झुकरमन या तरुण संशोधिकेने नोबेल पारितोषिकविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतील होती. लेखावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे होते. १९७३ मध्ये लेख ग्रंथात समाविष्ट करताना मर्टन यांनी टीप जोडून तो दोघांच्या नावे प्रसिद्ध व्हायला हवा होता, अशी कबुली दिली. टीप प्रामाणिक आहे. तिने काही बदलले मात्र नाही. तो लेख आजही 'मर्टन, १९६८' म्हणूनच उद्धृत होतो. श्रेयाच्या अन्यायाचा सिद्धान्त स्वतःच त्या अन्यायाचे उदाहरण झाला, आणि नंतरच्या कबुलीला सूचीत रकानाच नव्हता. स्त्री-संशोधकांच्या श्रेयलोपाला १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी 'मटिल्डा परिणाम' हे स्वतंत्र नाव दिले, तेव्हा झुकरमन यांचे उदाहरण त्यांच्यासमोर होतेच.

महाराष्ट्रात याहून मोठे उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून तिची सूत्रे सांभाळली, आदिपर्वाच्या १९३३ मधील उपोद्घातात पाठचिकित्सेची तत्त्वे सांगितली आणि १९४३ मध्ये काम अर्ध्यावर असताना त्यांचे निधन झाले. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी ते तडीला नेले. विराटपर्व रघुवीरांनी, सभापर्व अमेरिकेतील फ्रँक्लिन एजर्टन यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादिले. ही नावे मुखपृष्ठांवर तरी आहेत. त्यांच्याखाली पाठ मिळवणाऱ्या पंडितांचा थर आहे. ग्रंथ, शारदा, नेवारी, बंगाली, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून श्लोकाच्या अक्षराअक्षराखाली पाठभेद भरत जाण्याचे काम पुण्यात, शांतिनिकेतनात आणि तंजावरात वर्षानुवर्षे चालले. एका अक्षरावर नजर चुकली, तर संपादकाचा निर्णय चुकणार होता. ज्ञानाची नैतिक जबाबदारी त्या क्षणी सर्वस्वी त्या पंडिताच्या डोळ्यांवर होती.

या आवृत्तीचा प्रभाव निर्विवाद आहे. गेल्या अर्धशतकातील महाभारतविषयक बहुतेक गंभीर लेखन तिच्यावर उभे आहे. तिच्याशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनाही तिच्याच पाठाला सामोरे जावे लागते. परंतु निर्देश कसा होतो? पर्व, अध्याय आणि श्लोक यांचे तीन आकडे. सुकथनकरांचे नाव बहुधा तेथे नसते, पाठ मिळवणाऱ्याचे तर नाहीच. आता पुष्कळ अभ्यासक छापील खंडही उघडत नाहीत. क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर चढवलेला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासून शुद्ध केलेला पाठ ते वापरतात. म्हणजे श्रमाचा आणखी एक थर त्याच तीन आकड्यांखाली गाडला जातो. मापनाची कोणतीही सुधारित पद्धत हा थर वर आणू शकेल, असे वाटत नाही. उलट, श्रेय मिळवण्याची आजची पद्धत १९१९ मध्ये असती, तर सत्तेचाळीस वर्षे चालणाऱ्या कामावर कोणा शहाण्या तरुणाने आयुष्य घातले असते काय, ही शंका अधिक वास्तव आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या कामगिरीसाठी गुणांकन आणले आणि २०१८ मध्ये ते सुधारले. भाषा व मानव्यविद्यांतील एका शोधलेखाला त्यात १० गुण होते. राष्ट्रीय प्रकाशनसंस्थेने काढलेल्या संपूर्ण ग्रंथालाही १०. ग्रंथाच्या अनुवादाला ८. दोन सहलेखक असल्यास प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेला लेख त्या लेखाहून चाळीस टक्क्यांनी मोठा! गणित चुकले असे म्हणता येत नाही. कारण येथे वाटणी श्रमाची नव्हती, प्रोत्साहनाची होती. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोष्टकात तो एका शोधलेखाइतका भरला असता. ढेरे विद्यापीठीय नोकरीच्या बाहेर राहून संशोधन करत होते, म्हणून त्यांना या कोष्टकाशी कर्तव्य नव्हते, ही गोष्ट वेगळी. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मधली सत्तावीस वर्षे मराठीत जो ग्रंथ चर्चिला, स्वीकारला आणि नाकारला गेला, तो आंतरराष्ट्रीय सूच्यांच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वात नव्हता, कारण मराठी नियतकालिकांना त्या सूच्यांत जवळपास स्थानच नाही. आणि ज्या अनुवादामुळे तो दिसू लागला, त्या श्रमाचे मोल शोधलेखाहून दोन गुणांनी कमी.

५

एवढे सगळे मान्य करूनही मोजणीच्या बाजूने एक युक्तिवाद उरतो, आणि तो दुर्बळ नाही. थिओडोर पोर्टर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की आकड्यांवरील विश्वास सामर्थ्यातून जन्मत नाही. माणसांच्या निर्णयावरील अविश्वासातून जन्मतो. ज्या व्यावसायिकांच्या शब्दाला समाज मान देतो, त्यांना आकडे पुढे करावे लागत नाहीत. भारतीय विद्यापीठांतील निवड समित्यांविषयी असा विश्वास होता असे कोण म्हणेल? 'काम वाचून ठरवू' असे म्हणणाऱ्या समितीने अनेकदा काम वाचलेले नसे; उमेदवार कोणाचा, हे तिने वाचलेले असे. मराठी समीक्षेतील कंपूंचा इतिहासही फारसा निराळा नाही. ग्रामीण महाविद्यालयातील, पाठीशी गुरुपरंपरा वा जातीचे भांडवल नसलेल्या अध्यापकाला गुणांचे कोष्टक ही ढाल वाटली असेल, तर त्याला आदर्शवादी प्रवचन देणे अन्यायाचे होईल. आपण अमुक गुण मिळवले आहेत, हे तो निदान दाखवू शकत होता. अभिरुचीच्या नावाखाली झालेल्या नकाराविरुद्ध त्याला कोठेही दाद मागता येत नव्हती.

ढाल टिकली मात्र नाही. आयोगाने २०१७ मध्ये मान्य केलेल्या नियतकालिकांची संख्या ३८,६५३ होती. २०१८ मध्ये त्यांतील ४,३०५ वगळावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेली बहुसंख्य नियतकालिके निकषांत बसत नसल्याचे आढळले. पाठोपाठ 'केअर' नावाची नवी यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप राहत नाही, हा गुडहार्ट यांचा अर्थव्यवहारातील नियम मेरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये विद्यापीठांना लावला होता. त्याचे इतके विस्तृत प्रात्यक्षिक क्वचितच झाले असेल. पण येथेही प्रश्न केवळ फसवणुकीचा नाही. निर्देशांचे वाटप मुळातच प्रतिष्ठेच्या उतारावरून होत असते. ज्याला पाठीराखा नाही त्याचा निर्देशही कमी होतो. वशिल्यापासून सुटका म्हणून ज्या आकड्याकडे पाहिले, त्यात वशिला आधीच विरघळलेला असतो, आणि आता तो दिसत नसल्याने त्याच्याशी वाद घालता येत नाही.

परंपरेने सांगितलेल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋणाची कल्पना येथे उपयोगी पडते. ती पूज्य म्हणून नव्हे, तर तिची रचना वेगळी आहे म्हणून. हे ऋण ऋषीला काही परत देऊन फिटत नाही, अध्ययनाने फिटते. धनकोच्या हाती काही येत नाही. ऋणको स्वतः अधिक जाणता होतो आणि ते जाणतेपण पुढे देतो. या दृष्टीने पाहता तळटीप ही परतफेड नव्हे; परतफेड जेथे चालू आहे त्या जागेची ती खूण आहे. अभिनवगुप्ताने भट्टनायकाचे ऋण फेडले ते त्याचे नाव घेऊन नव्हे, त्याचे मत अखेरपर्यंत विचारात घेऊन. तळटिपेचे चलन झाले की धनकोला वसुलीची इच्छा होते. परीक्षकाने आपल्या लेखांचा निर्देश सुचवणे, मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या लेखावर आपले नाव घालणे ही त्या वसुलीची परिचित रूपे. त्यांत नियम मोडतोच असे नाही. मात्र ज्या कबुलीचे मूल्य ती स्वेच्छेने दिलेली असण्यात होते, ती आता मागून घेतलेली असते, आणि वाचकाला दोहोंतला फरक पानावरून ओळखता येत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. कबूल केलेले ऋण धनकोची मालमत्ता मानता येत नाही, कारण तसे मानताच ती कबुली राहत नाही.

मग न्यायाचे काय? २०१५ च्या 'लायडन जाहीरनाम्या'ने आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असे म्हटले. म्हणणे रास्त आहे. पण तज्ज्ञाच्या निर्णयावरच अविश्वास असेल, तर ते पुरेसे नाही. साहित्यसमीक्षेला या पेचाचा जुना अनुभव आहे. कलाकृतीचे मूल्य मोजता येत नाही, म्हणून ते ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवावे लागते, असे समीक्षेने कधी मानले नाही. तिने लिहून कारणे देण्याची रीत पाडली. पान उघडून दाखवावे, विधान तपासावे, मूल्यनिर्णयाखाली आपले नाव घालावे आणि प्रतिवादाला जागा ठेवावी. निवड समितीच्या प्रत्येक सदस्याने उमेदवाराच्या एका लेखाविषयी दोन पाने लिहावीत, ती उमेदवाराला वाचायला मिळावीत आणि उत्तर देण्याची त्याला मुभा असावी, एवढी व्यवस्था केली तरी ढाल म्हणून ती गुणांच्या कोष्टकापेक्षा कमी भक्कम ठरणार नाही. न वाचता लिहिलेली दोन पाने लपत नाहीत, हे प्रबंधांचे अहवाल वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे. सहलेखनाच्या बाबतीत प्रत्येकाने नेमके काय केले, हे लेखाखाली नोंदवण्याची प्रथा अनेक विज्ञान-नियतकालिकांनी स्वीकारली आहे. मानव्यविद्यांत, निदान सामूहिक संपादनांत, ती आणायला हरकत असू नये.

या व्यवस्थेला वेळ लागेल आणि एका पदासाठी शंभर अर्ज आले, तर पहिली चाळणी कोठल्या तरी मोजणीनेच करावी लागेल. त्या चाळणीत पाठचिकित्सा करणारा, अनुवाद करणारा आणि मराठीत लिहिणारा गळणार नाही अशी ती कशी बेतायची, याचा विचार विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अद्याप गांभीर्याने केलेला दिसत नाही.